गोव्याचं सगळं ठरलं, नवरीला विचारायचं राहिलं

प्रश्न

ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीचं फेब्रुवारीत लग्न आहे. आम्ही ठाण्यात एकाच शाळेत शिकलो. मी 27 वर्षांची, ऐरोलीला नोकरी करते. लग्न सांगलीला आहे, नंतर ती खारघरला राहणार. तिच्या बॅचलरेट पार्टीची जबाबदारी सगळ्यांनी माझ्यावर टाकलीय. नवरी धरून आम्ही आठ जणी: काही शाळेतल्या, काही वाशीच्या कॉलेजातल्या, दोघी तिच्या ऑफिसातल्या. जानेवारीत तीन रात्री गोवा असं ठरलं. व्हिला 48 हजार, फोटोग्राफर 15 हजार, तिथली गाडी 12 हजार आणि विमान, खाणंपिणं, सारखे ड्रेस धरून प्रत्येकीचे साधारण 10 हजार. नवरीचा खर्च आम्ही सात जणींनी वाटून घ्यायचा, म्हणजे प्रत्येकी 22 हजार. व्हिल्याचा 20 हजार अ‍ॅडव्हान्स मी माझ्या क्रेडिट कार्डावरून भरला.

आता एक मैत्रीण म्हणते, 'शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू आहेत, मला नाही जमणार.' दुसरीचं बाळ नऊ महिन्यांचं आहे, तिने नुसता अंगठा दाखवला आणि नंतर गप्प. नवरीच्या होणाऱ्या नणंदेला कुठून तरी कळलं, तिचा मेसेज आला, 'मी पण हं!' नवरीची 19 वर्षांची मामेबहीणही मागे लागलीय. आणि काकू, म्हणजे नवरीची आई, म्हणतात, 'गोवा कशाला गं, घरी छान केळवण करा.' नवरीला सरप्राइज द्यायचंय, म्हणून तिला एवढंच सांगितलंय की जानेवारीतले चार दिवस मोकळे ठेव. ती म्हणाली, 'बघते गं.' कोणालाही न दुखावता हे पार कसं पाडू?

उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. व्हिल्याचं भाडं आहे, फोटोग्राफर आहे, नणंद आहे, मामेबहीण आहे, काकू आहेत, बाळसुद्धा आहे. जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिला काय हवंय, हे मात्र कुठेच सापडलं नाही. तिच्या तोंडचं एकच वाक्य पत्रात आहे: 'बघते गं.' लग्नाला महिना उरला असताना चार दिवस मोकळे ठेव म्हटल्यावर नवरी जेव्हा 'बघते गं' म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काय काय येतं, तेवढं आधी बघू.

लग्नाआधीच्या दोन महिन्यांत नवरीचे रविवार तिचे नसतात. एका रविवारी मावशीकडे केळवण, दुसऱ्या रविवारी आत्याकडे, मधल्या शनिवारी दादरला शालू, राम मारुती रोडला ब्लाउजची ट्रायल, टेलर म्हणतो 'ताई, पुढच्या आठवड्यात या', मेकअपवालीची ट्रायल, पत्रिका वाटणं. त्यात लग्न सांगलीला, म्हणजे दोन-तीन दिवस आधीच सगळं घर तिकडे हलणार. शिवाय रजा. लग्नाची, त्यानंतरच्या पूजेची, हनिमूनची अशी रजा तिने मोजूनमापून शिल्लक ठेवली असणार. तीन रात्रींचा गोवा म्हणजे शनिवार-रविवार धरूनही दोन रजा. तुमच्यासाठी तो लाँग वीकेंड, तिच्यासाठी हनिमूनमधून कापलेले दोन दिवस. कदाचित तिला गोवा मनापासून हवाही असेल. घरातली गडबड सोडून चार दिवस पळून जायला मिळालं तर कोणती नवरी नको म्हणेल? पण हे मी ठरवू शकत नाही आणि खरं सांगायचं तर तूही नाही.

सरप्राइज हवंच, हा हट्ट कुठून आला तेही स्वतःला एकदा विचार. सरप्राइज केकचं द्यावं, एखाद्या जुन्या मैत्रिणीला बंगळुरूहून बोलावून द्यावं. जिथे माणसाची रजा, शरीर, पैसे आणि सासरची मंडळी गुंतलीत, तिथे नको. शरीर म्हणते कारण तारीख ठरवताना तिची पाळी कधी आहे, हे कोणीतरी विचारायला हवं आणि सरप्राइजच्या नादात नेमकं तेच राहतं. बीचवर पांढऱ्या ड्रेसमध्ये फोटोशूट ठरवून बसलेल्या मुलींना मग ऐनवेळी घाम फुटतो.

तेव्हा पहिलं काम: आज रात्री तिला फोन कर. ग्रुपवर नको, मेसेजही नको, फोन कर. सरळ सांग, 'आम्ही तुझ्यासाठी काहीतरी करतोय. काय करतोय ते कळेलच, पण तीन गोष्टी आत्ता सांग. बाहेरगावी राहायला जमेल का, किती दिवस? कोण असलेलं आवडेल, आणि कोण असली की तुला सावरून बसावं लागेल? आणि कोणत्या गोष्टीला तुझी साफ ना आहे?' तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोणाला दारू नको असते, कोणाला जुन्या प्रियकराचं नाव निघालेलं नको असतं, कोणाला ते 'ब्राइड टू बी' लिहिलेले पट्टे आणि मुकुट बघूनच कसंतरी होतं. हे आधी कळलं की निम्मे वाद उठायच्या आधीच मिटतात. तुझं सरप्राइजही शाबूत राहतं, कारण बेत काय आहे ते तू सांगितलेलंच नाहीस.

आता पैशांकडे वळते. तू हिशोब नीट मांडलायस, त्याचं कौतुक आहे, कारण अशा पत्रांत बहुतेक वेळा 'थोडे जास्त होतात' एवढंच लिहिलेलं असतं. पण त्या हिशोबात एक खाच आहे. व्हिला, फोटोग्राफर आणि गाडी मिळून 75 हजार झाले आणि ते माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाहीत. सात जणी होत्या तोवर 22 हजार. ज्या दोघींना जमत नाही त्या बाहेर पडल्या की उरलेल्या पाच जणींच्या वाट्याला 27 हजार येतात. 27 ऐकून आणखी एखादी म्हणेल, 'मग माझंही राहू दे.' की चौघींवर 31 हजारांच्या वर गेले. कर्जवाल्या मैत्रिणीला वगळून गोवा सोपा होत नाही, उरलेल्यांना तो महाग पडतो. आणि हे 22 हजार एकटे नाहीत. सांगलीला जायचा-यायचा खर्च, लग्नात नेसायची साडी, आहेर, हळदीला पिवळं काहीतरी, हे सगळं त्याच दोन महिन्यांत त्याच खिशातून जाणार आहे. ऐरोलीच्या आयटी पार्कात सगळ्यांचे पगार सारखे नसतात आणि सारखे असले तरी सगळ्यांच्या घरच्या जबाबदाऱ्या सारख्या नसतात.

नवरीचा खर्च बाकीच्यांनी उचलायचा, हा नियमही तुम्ही कुठल्या तरी रीलवरून उचललाय. वाईट नाही तो. पण तो नियम नाही, प्रथा आहे, आणि तीही परवा-परवाची. तुमच्या हिशोबात तिच्या वाट्याचे 19 हजारांच्या वर होतात. कमावती मुलगी आहे ती. मैत्रिणींनी आपल्यापायी एवढे पैसे काढलेत हे कळल्यावर तिला अवघडल्यासारखं होईल की छान वाटेल, तू तिला ओळखतेस. तिचं जेवण आणि केक तुम्ही करा, प्रवासाचा तिचा वाटा तिला भरू द्या, असंही चालतं.

बजेट विचारायची एक रीत सांगते, ती पाळ. व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकू नकोस. कोणी कशाला मत दिलं ते तिथे सगळ्यांना दिसतं आणि '10 हजारांपर्यंत' वर एकटीचंच नाव उमटलं की ती पुढच्या वेळी मतच देत नाही, नुसता अंगठा दाखवते. नाव आणि ईमेल न मागणारा गूगल फॉर्म कर, किंवा प्रत्येकीला वेगळं विचार: 'घरच्यांना उत्तर द्यावं न लागता तू किती काढू शकतेस?' आलेल्या आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा तुमचं बजेट. ज्यांना जास्त खर्चायचंय त्यांनी लग्नात आहेर जड द्यावा, कोण अडवतंय? कुठून आकडा आला ते कोणाला सांगू नकोस. 'अमुकमुळे आपण गोवा सोडला' हे वाक्य ग्रुपमध्ये एकदा जरी उच्चारलं गेलं तरी ती मैत्रीण लग्नातही कोपऱ्यात उभी राहील.

बाळवाल्या मैत्रिणीचा अंगठाही वाचायला शीक. नऊ महिन्यांचं बाळ सोडून तीन रात्री जाणं बहुतेकींना जमत नाही, आणि बाळ घेऊन रात्रभर गाणी लावलेल्या व्हिल्यात राहणं कोणालाच जमत नाही. 'नाही' म्हणायची लाज वाटते म्हणून ती गप्प आहे. तिला फोन करून विचार, 'दिवसा चार तास निघू शकशील का, की बाळासकट येशील?' बहुधा ती लगेच बोलती होईल.

मग करायचं काय? नवरी म्हणाली, 'गोवाच, आणि मला रजा आहे,' आणि लहानात लहान आकडाही त्यात बसला, तर जरूर जा. पण विमानाचा हट्ट सोडा. कोकणकन्या एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, रात्री बसलं की सकाळी गोवा. डब्यात आठ जणींनी केलेला दंगा हीच अर्धी पार्टी असते. तिकीट 60 दिवस आधी उघडतं आणि जानेवारीचं फार लवकर संपतं, तेव्हा वेळ काढू नका. तीनच्या दोन रात्री करा. फोटोग्राफर तर आधी काढा. आठ जणींकडे आठ चांगले फोन आहेत. हा मात्र माझा पूर्वग्रह आहे, मान्य: मैत्रिणींसोबत हसताना कोणीतरी 'आता हसा' म्हणणारं असलं की मला हसू येत नाही.

एक रात्र जमत असेल तर कर्जत-नेरळकडे फार्महाउस बघा. ठाण्याहून लोकल आहे, नवी मुंबईकरांना पनवेलवरून जाता येतं, आणि ज्यांना राहायचं नाही त्यांना संध्याकाळी परतता येतं. हा सगळ्यात मोठा फायदा. येऊरला बंगला घेऊन डीजे लावायची कल्पना ग्रुपमध्ये निघेलच, ती तिथेच थांबव. शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, पाड्यांवर माणसं राहतात, रात्रीच्या आवाजावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. तसंही रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, मग तो येऊरचा बंगला असो की घोडबंदरच्या सोसायटीची गच्ची. सोसायटीचं क्लबहाउस घेतलंत तर डिपॉझिट, वेळ आणि बाहेरचं जेवण चालतं का, हे सेक्रेटरीकडून लिहून घ्या. वॉचमनच्या 'हो हो चालतं मॅडम' वर जाऊ नका.

आणि एक भरगच्च दिवस, हा पर्याय तुम्ही विचारातच घेतलेला दिसत नाही. त्यात मला सगळ्यात जास्त दम वाटतो, म्हणून जरा रेंगाळते. तुमच्या ग्रुपमध्ये शाळेतल्या, कॉलेजातल्या आणि ऑफिसातल्या अशा तीन टोळ्या आहेत. त्यांची एकमेकींशी फार ओळख नाही. गोव्याच्या व्हिल्यात त्या दुसऱ्या दिवशी तीन खोल्यांत बसतील, लिहून ठेव. त्यापेक्षा नवरीच्याच आयुष्यातून एक फेरी काढा. सकाळी शाळेच्या गेटाशी भेटायचं. तिथून मामलेदारची मिसळ, ज्यांना झेपेल त्यांनी तिखट. मग तलावपाळीला एक चक्कर. प्रत्येक ठिकाणी त्या टोळीतल्या एकीने नवरीचा एक किस्सा सांगायचा, जो बाकीच्या दोन टोळ्यांना माहीत नाही. दुपारी वाशीला, कॉलेजच्या दिवसांत जिथे बसायच्या तिथे. ट्रान्स-हार्बर लोकलने जा, भाड्याची गाडी कशाला? नवरीने चार-पाच वर्षं याच लोकलने ये-जा केली असेल. संध्याकाळी कोणाच्या तरी घरी किंवा एखाद्या हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये जेवण आणि नाच, रात्री 10 पर्यंत गाणी, मग ज्यांना राहायचं त्यांनी उशांवर लोळत गप्पा. बाळवाली मैत्रीण तलावपाळीला येऊन दुपारी घरी जाऊ शकते, कर्जवाली दिवसभर थांबू शकते, आणि हिशोब चार आकड्यांत राहतो.

नवरीला पक्ष्यांची आवड असेल तर आणखी एक. जानेवारीत ठाणे खाडीत फ्लेमिंगो असतात. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोट जाते. खाडीचा हा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आला. तू रोज ऐरोलीला जातेस आणि कदाचित एकदाही गेली नसशील, ठाणेकरांचं हे नेहमीचं. फक्त बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी बुकिंग करूनच दिवसाचा बेत आखा. तिथे गाणी लावायची नाहीत हे सांगायला नको.

काकूंच्या केळवणाकडे वळू. तू ते 'गोवा विरुद्ध केळवण' असं मांडलंयस. काकूंनाही बहुधा तसंच वाटतंय. पण त्यांचं म्हणणं मला वेगळं ऐकू येतं. मुलगी जाणार, घर पाहुण्यांनी भरणार, आणि तिच्या ज्या मैत्रिणी लहानपणापासून या घरात जेवल्या त्या परस्पर गोव्याला जाऊन येणार, हे त्यांना खुपत असेल. एका दुपारी त्यांच्याच घरी मैत्रिणींनी केळवण करा. काकूंना ओट्यापाशी उभं राहू देऊ नका: मसालेभात, अळूवड्या, मठ्ठा, पुरणपोळ्या बाहेरून आणा किंवा एकेकीने एकेक करून आणा. ताटाभोवती रांगोळी, पाटावर नवरी, आणि घास घ्यायच्या आधी उखाणा, दोन-तीन चावटही चालतील. काकूंनाही उखाणा घ्यायला लावा, काकांसमोर. हे पार्टीऐवजी नाही, पार्टीच्या जोडीला. जमलं तर हीच जागा नणंदेसाठी आणि मामेबहिणीसाठीही आहे.

नणंदेचा प्रश्न तुला अवघड वाटतोय, कारण 'सासरचं माणूस आलं की मजा गेली' हे तू धरूनच चाललीस. कधी कधी खरं असतं ते. कधी कधी तीच नणंद सगळ्यात जास्त नाचते आणि नवरीला त्या घरात एक मैत्रीण मिळते. निर्णय नवरीचा, फोनवरचा दुसरा प्रश्न त्यासाठीच आहे. तिने 'नको' म्हटलं तर नकार तू कळव, तिच्या गळ्यात घालू नकोस. असं लिहिता येईल: 'ताई, तुमचा उत्साह बघून खूप छान वाटलं. मोठी पार्टी आम्ही तिच्या मैत्रिणी-मैत्रिणीच करतोय, पण अमुक रविवारी काकूंकडे केळवण आहे, तिथे तुम्ही हव्याच. एक उखाणा तयार ठेवा!' यात खोटं काही नाही, आणि तिला बोलावणंही आहे. वयाने लहान असेल तर 'ताई' काढ. आणि तिने 'हो, येऊ दे' म्हटलं, तर त्या दिवशीचे खेळ बदला. जुन्या भानगडींवरचे प्रश्न, 'खरं सांग नाहीतर शिक्षा' वगैरे नणंदेसमोर गंमत राहत नाहीत.

मामेबहीण 19 वर्षांची आहे, ही गोष्ट तू सहज लिहून गेलीस. दारू असणार असेल तर ती सहज नाही. महाराष्ट्रात बियर आणि वाइनसाठी वयाची अट 21 आहे, बाकी मद्यासाठी 25, आणि प्यायला परवानाही लागतो. भाड्याच्या हॉलमध्ये दारू ठेवायची तर एका दिवसाचा परवाना काढावा लागतो, तो ज्याचा हॉल त्यालाच विचारा, त्यांना रीत माहीत असते. काही झालं तर मामा तुलाच विचारणार, ग्रुपला नाही. तेव्हा तिला दिवसाच्या कार्यक्रमाला आण, संध्याकाळी सात वाजता घरी सोड. आणि ज्या पिणार आहेत त्यांच्यापैकी कोणी गाडी चालवणार नाही, हे आधीच ठरवा, तिथे जाऊन नाही. जी पीत नाही तिच्या हातात सरबताचा ग्लास बघून 'एवढं काय' असं कोणी म्हटलं, तर तिला तू थांबव.

फोटोंचा एक नियम घाला: नवरीने बघितल्याशिवाय स्टोरीवर काही जाणार नाही. तिची सासूबाई इन्स्टाग्रामवर असो वा नसो, सासूबाईंची भाची असतेच.

राहता राहिले तुझे 20 हजार. तू ग्रुपमधली सगळ्यात जबाबदार मुलगी आहेस, म्हणून तुझं कार्ड निघालं, आणि आता ते पैसे वाया जातील या भीतीने तू बेत बदलायला कचरतेयस. पत्रात तू तसं लिहिलेलं नाहीस, पण 'पार कसं पाडू' या शब्दांत ते दिसतं. उद्या व्हिल्याच्या मालकाला किंवा ज्या साइटवरून बुकिंग केलंस तिथे विचार: कोणत्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत मिळतात, आणि रात्री कमी करता येतात का, तारीख पुढे ढकलता येते का. उत्तर लेखी घे. मग ग्रुपवर लिही: 'मी 20 हजार भरले आहेत, अमुक तारखेपर्यंत रद्द केलं तर इतके परत येतात. बेत बदलला तर जे बुडतील ते आपण सगळ्या सारखे वाटून घेऊ.' हे तू मागायला लाजू नकोस. ठरवलं सगळ्यांनी होतं, कार्ड तेवढं तुझं होतं. कर्जवाली आणि बाळवाली यांना या वाट्यातून वगळायचं असेल तर बाकीच्यांशी वेगळं बोल, त्या दोघींसमोर नको. यापुढे मात्र पैसे खात्यात आल्याशिवाय एकही बुकिंग करायचं नाही, केकसुद्धा नाही.

क्रम असा ठेव: आज नवरीला फोन, उद्या व्हिल्याची चौकशी, परवा दोघी मैत्रिणींना, मग काकूंना केळवणाची तारीख विचार, आणि ग्रुपवर सगळ्यात शेवटी.